बॅटरी स्टार्टअपचे सल्लागार: कोण, केव्हा आणि कोणत्या कामासाठी

२०१६ मध्ये सॅमसंगचे गॅलेक्सी नोट ७ हे फोन पेट घेऊ लागले. कंपनीने ते परत मागवले, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या बसवून नवे फोन दिले, आणि तेही पेटले. शेवटी मॉडेलच बंद करावं लागलं. सुमारे ७०० अभियंत्यांनी २ लाख फोन आणि ३० हजार सुट्या बॅटऱ्या तपासल्यावर कळलं की दोन्ही पुरवठादारांच्या बॅटऱ्यांतले दोष वेगवेगळे होते. एकीत कोपऱ्यातला इलेक्ट्रोड (विजेची देवघेव करणारा थर) दबून वाकत होता, दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कण सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडना वेगळं ठेवणारा पातळ पडदा) भेदत होते. जानेवारी २०१७ मध्ये ही कारणं जाहीर करतानाच सॅमसंगने बाहेरच्या तज्ज्ञांचा एक बॅटरी सल्लागार गटही जाहीर केला. त्यात केंब्रिजच्या क्लेअर ग्रे, बर्कलीचे गेरब्रँड सीडर, स्टॅनफर्डचे यी च्वे आणि उद्योगातून आलेले तोरू आमाझुत्सुमी होते.

एवढी मोठी कंपनी आधी ठेचकाळून मग सल्लागार नेमू शकते. दीड-दोन वर्षांच्या पैशावर चालणाऱ्या स्टार्टअपला ती चैन परवडत नाही. म्हणून हा लेख अशा संस्थापकांसाठी आहे ज्यांच्याकडे प्रयोगशाळेत चालणारं काहीतरी आहे, थोडा निधी आहे, आणि आता 'आपल्याला चांगले सल्लागार हवेत' असं कुणीतरी, बहुधा गुंतवणूकदाराने, सांगितलेलं आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बॅटरी उत्तर उशिरा देते. एक तासात भरायची आणि एक तासात रिकामी करायची, म्हणजे ज्याला १सी म्हणतात त्या गतीने चालवली तर एका चक्राला दोन तास लागतात. हजार चक्रांना २,००० तास, म्हणजे तब्बल ८३ दिवस. हीच चाचणी सी/३ या सौम्य गतीने (तीन तासांत भरणं, तीन तासांत रिकामं करणं) केली तर एका चक्राला सहा तास आणि हजार चक्रांना २५० दिवस. तेही यंत्र न थांबता आणि वीज न जाता. आज इलेक्ट्रोलाइट (इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणारा द्रव) चुकीचं निवडलं तर ते आठ महिन्यांनी उमगणार, आणि तोवर पगार, भाडं, रसायनं सगळं चालूच राहणार. सल्लागाराची खरी किंमत इथे आहे: आठ महिन्यांनी येणारं उत्तर त्याने आधी कुठेतरी पाहिलेलं असतं. किंवा निदान कोणती चाचणी लावली तर ते उत्तर सहा आठवड्यांत मिळेल, हे त्याला ठाऊक असतं. वेबसाइटवरचा फोटो ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट.

पहिली पायरी: नावं शोधण्याआधी दावा आणि निर्णय लिहा

एक कोरा कागद घ्या आणि वर एका वाक्यात तुमचा दावा लिहा. त्या वाक्यात आकडा हवा, आणि तो आकडा कोणत्या पातळीवरचा आहे तेही हवं: पदार्थाच्या, इलेक्ट्रोडच्या, सेलच्या (एका सुट्या बॅटरीच्या) की पॅकच्या (अनेक सेलांच्या संचाच्या)? बॅटरीच्या धंद्यातली निम्मी फसगत, स्वतःची आणि दुसऱ्याची, या पातळ्यांच्या गोंधळातून होते.

सिलिकॉनचं उदाहरण घ्या. अॅनोडमध्ये, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडमध्ये, सहसा ग्रॅफाइट असतं. त्याची क्षमता दर ग्रॅमला ३७२ मिलीअँपिअर-तास, सिलिकॉनची सुमारे ३,५८०. जवळपास दहापट. हे वाक्य सादरीकरणात फार शोभून दिसतं. आता १ अँपिअर-तासाचा हिशेब करू. कॅथोडची (धन इलेक्ट्रोडची) क्षमता दर ग्रॅमला २०० मिलीअँपिअर-तास धरली तर कॅथोड ५ ग्रॅम लागेल. ग्रॅफाइटचा अॅनोड २.७ ग्रॅम, म्हणजे एकूण ७.७ ग्रॅम. ग्रॅफाइट काढून निव्वळ सिलिकॉन घातलं तर अॅनोड ०.२८ ग्रॅमवर येतो आणि एकूण वजन ५.३ ग्रॅम होतं. दहापट क्षमतेच्या पदार्थाने सक्रिय पदार्थांचं वजन जेमतेम तीस टक्के घटलं, कारण कॅथोड आहे तिथेच आहे. त्यात तांब्या-अॅल्युमिनियमचे पत्रे, सेपरेटर, इलेक्ट्रोलाइट आणि आवरण मिळवा, मग फायदा आणखी खाली येतो. शिवाय सिलिकॉन फुगतं ते वेगळंच. हा हिशेब तुम्ही स्वतः केलेला नसेल, तर पहिला सल्लागार तो पहिल्याच भेटीत करील आणि ती भेट तिथेच संपेल.

दाव्याखाली येत्या वर्षभरातले असे निर्णय लिहा जे एकदा घेतले की परत फिरवणं महाग पडेल. रसायन ठरवणं, सेलचा आकार ठरवणं (दंडगोल, पाऊच की चौकोनी), प्रायोगिक उत्पादन रेषेची यंत्रं मागवणं, ग्राहकाला पहिले नमुने देणं, पेटंटचा अर्ज दाखल करणं. प्रत्येकासमोर लिहा: यातलं काय आम्हाला कळत नाही? ज्या निर्णयासमोरची जागा सगळ्यात जास्त भरली, त्यासाठी पहिला सल्लागार. जिथे जागा कोरीच राहिली तिथे मात्र जरा जपून. ते अज्ञान आपल्याला दिसत नाही असंही असू शकतं.

दुसरी पायरी: कोणत्या टप्प्यावर कोण

संस्थापक बहुधा स्वतः रसायनशास्त्रज्ञ असतात आणि सल्लागार म्हणून आणखी तीन रसायनशास्त्रज्ञ जमवतात. ओळखीपाळखीची माणसं तीच असतात, म्हणून हे होतं. एक चांगला विद्युत-रसायनशास्त्रज्ञ पुरे. तोही तुमच्याच विषयातला नको, शेजारच्या विषयातला हवा, म्हणजे तुमच्या लाडक्या कल्पनेच्या प्रेमात नसलेला.

दुसरा माणूस सेल बनवणारा. कॉइन सेलमधून (चाचणीसाठीच्या नाण्याएवढ्या सेलमधून) बाहेर पडायच्या आधीच तो लागतो. प्रयोगशाळेतल्या कॉइन सेलमध्ये इलेक्ट्रोडचा थर पातळ असतो, इलेक्ट्रोलाइट गरजेच्या कितीतरी पट ओतलेलं असतं, आणि समोर लिथियमचा जाड पत्रा असतो जो कधी संपतच नाही. बाजारातल्या सेलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार मिलीअँपिअर-तासांचा जाड थर असतो, तर इलेक्ट्रोलाइट दर अँपिअर-तासाला दोन-तीन ग्रॅमच. सुबत्तेत वाढलेलं रसायन या टंचाईत टिकेल का, हे ज्याने दहा रसायनं त्या वाटेने जाताना पाहिली आहेत तोच आधी सांगू शकतो.

तिसरा कारखान्यातला माणूस. हा फार उशिरा बोलावला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. स्लरी (इलेक्ट्रोडच्या पदार्थांचं पातळ मिश्रण) ढवळणं, लेप देणं, सुकवणं, रोलखाली दाबणं, कापणं, रचणं किंवा गुंडाळणं, वेल्डिंग, इलेक्ट्रोलाइट भरणं, पहिलं चार्जिंग, मग मुरवत ठेवणं. समजा अशा वीस पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत ९९ टक्के माल चांगला निघतो. ऐकायला झकास वाटतं, पण शेवटी हाती लागतो ८२ टक्के. प्रत्येक पायरीला ९८ टक्के मिळाले तर ६७. रसायनात तुम्ही कमावलेला फायदा इथे बघता बघता वाहून जातो. हा माणूस बॅटरी उद्योगातलाच हवा असंही नाही. सोनीने १९९१ मध्ये पहिली व्यावसायिक लिथियम-आयन बॅटरी आणली तेव्हा इलेक्ट्रोडवर सारखा लेप देण्याच्या कामी चुंबकीय टेप बनवताना कमावलेलं कौशल्य आलं होतं. तुमची अडचण लेपनाची असेल तर फिल्म, कागद किंवा टेपच्या कारखान्यात हयात घालवलेला निवृत्त अभियंता हा मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्याला बॅटरी चार दिवसांत शिकवता येते, त्याची तीस वर्षं तुम्हाला शिकता येणार नाहीत.

चौथा सुरक्षिततेचा आणि प्रमाणपत्रांचा. त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

पाचवा ग्राहकाच्या बाजूचा. म्हणजे ज्याने एखाद्या वाहन, उपकरण किंवा साठवण कंपनीत सेल पारखून घेण्याचं काम केलं आहे असा. विक्रीतला नव्हे, पारखणारा. वाहन उद्योगात नमुने ए, बी, सी अशा टप्प्यांनी जातात आणि दर टप्प्याला सेलची संख्या, एकसारखेपणा आणि कागदपत्रं यांची अपेक्षा वाढत जाते. एक अफलातून सेल कुणालाच नको असतो. एकसारखे शंभर साधे सेल हवे असतात. हे त्याच्याकडून ऐकलं की कामाचा क्रमच बदलतो.

पेटंट वकील आणि यंत्रसामग्रीच्या भांडवलाचं गणित समजणारा वित्ततज्ज्ञ यांना सल्लागार मंडळात बसवायची घाई नको. सुरुवातीला त्यांच्याकडून ठरावीक काम पैसे देऊन करून घ्या.

तिसरी पायरी: शोधणं आणि पारखणं

शोधताना शोधनिबंधांच्या पहिल्या नावापाशी थांबू नका. पेटंटवरच्या शोधकांची यादी बघा. कारखान्यात काम करणारी माणसं निबंध लिहीत नाहीत, पण पेटंटवर त्यांचं नाव असतं. प्रमाणं ठरवणाऱ्या समित्यांतले सदस्य, चाचणी प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले, यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांचे उभारणी अभियंते: ही माणसं परिषदांच्या व्यासपीठावर दिसत नाहीत. चहाच्या वेळेत कोपऱ्यात सापडतात.

पारखायची माझी आवडती रीत सोपी आहे. तुमचा एक आलेख द्या, ज्यात पाचशे चक्रांनंतरही क्षमता छान टिकलेली दिसते. त्यावर बाकी काही लिहू नका, आणि समोरचा पहिले पाच प्रश्न कोणते विचारतो ते ऐका. 'वा, छान!' हे उत्तर असेल तर चहा पाजा आणि निरोप द्या. कसलेला माणूस विचारील:

- दर चौरस सेंटिमीटरला थर किती? अॅनोड आणि कॅथोडच्या क्षमतेचं गुणोत्तर किती?
- इलेक्ट्रोलाइट किती घातलं?
- तापमान काय होतं, आणि सेलवर बाहेरून दाब दिला होता का?
- असे सेल किती केले? हा त्यातला सरासरी आहे की सर्वांत चांगला?
- कूलॉम्बिक कार्यक्षमता (भरलेल्या चार्जपैकी किती परत मिळतो ते) दशांशानंतर किती अंकांपर्यंत मोजली आहे?

शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस मला विशेष आवडतो. ९९.९ टक्के हा आकडा ऐकायला परिपूर्ण वाटतो. पण लिथियमचा जादा साठा नसलेल्या सेलमध्ये प्रत्येक चक्राला ०.१ टक्का लिथियम कायमचं वाया जात असेल, तर साध्या गुणाकाराने हजार चक्रांनंतर ३७ टक्केच उरतं. ९९.९९ टक्के असेल तर ९० टक्के उरतं. दशांशानंतरच्या एका अंकात कंपनीचं भवितव्य दडलेलं असतं, आणि साध्या चाचणी यंत्राला तो अंक भरवशाने मोजताही येत नाही. कॅनडातल्या डलहौझी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने अतिसूक्ष्म कूलॉम्बमापनाची यंत्रं उभी केली ती याचसाठी: वर्षानुवर्षं न थांबता, थोड्याच आठवड्यांच्या मोजणीतून आयुष्याचा अंदाज बांधता यावा म्हणून.

पारख झाल्यावर लगेच दोन वर्षांचा करार करू नका. आधी एक छोटं काम द्या, पैसे देऊन. 'आमचा गेल्या तिमाहीचा चाचणी आराखडा वाचा आणि कोणत्या तीन चाचण्या निरुपयोगी आहेत ते सांगा' हे काम पुरेसं आहे. माणूस वेळेवर उत्तर देतो का, कच्चा डेटा मागतो का, 'हे माझ्या क्षेत्राबाहेरचं आहे' असं म्हणतो का, ते दिसून येतं. हे शेवटचं वाक्य कधीच न उच्चारणाऱ्या तज्ज्ञापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

मोठ्या नावाचा मोह सगळ्यांना होतो. नोबेलच्या तोडीचा माणूस वर्षातून दोनदा तासभर देणार असेल तर त्या दोन तासांसाठी नेमके प्रश्न तयार ठेवा आणि आनंदाने घ्या. पण रोजच्या अडचणींना तो सापडणार नाही हे धरूनच चाला. नाव मोठं आणि लक्षण खोटं अशी गत सल्लागाराची नसते, त्याला नुसता फोटोपुरता वापरणाऱ्या कंपनीची होते.

चौथी पायरी: करार, आणि विशेषतः शोधांची मालकी

भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे लागू पडतं. प्राध्यापकांसमोर करार ठेवायला संकोच वाटतो आणि मग वर्षभर तोंडी कारभार चालतो. असं करू नका.

पहिला प्रश्न विद्यापीठाचा. बहुतेक विद्यापीठांत अध्यापकाने नोकरीच्या काळात लावलेल्या शोधावर संस्थेचा हक्क असतो, आणि बाहेर सल्ला देण्यासाठी परवानगी व दिवसांची मर्यादा असते. त्या परवानगीची लेखी प्रत मागा. तुमचं काम त्यांच्या विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या यंत्रावर झालं तर तो सल्ला उरत नाही. ते संशोधन होतं, आणि त्याला विद्यापीठाशी वेगळा करार लागतो.

दुसरा प्रश्न कलमाच्या भाषेचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये निकाल लागलेला स्टॅनफर्ड विरुद्ध रॉश हा खटला इथे अभ्यासण्याजोगा आहे. एका संशोधकाने विद्यापीठाला 'शोधांचे हक्क देईन' असं लिहून दिलं होतं. नंतर सीटस या कंपनीत शिकायला जाताना त्याने तिथे 'हक्क याद्वारे देत आहे' अशा कागदावर सही केली. कंपनीच्या कागदाने आधीच्या वचनावर मात केली, आणि सीटसचा तो व्यवसाय विकत घेतलेल्या रॉशचा हक्क टिकला. तुमचा सल्लागार आधी कुठे कुठे सही करून आला आहे हे विचारणं म्हणूनच उद्धटपणा नाही. करार मात्र स्थानिक वकिलाकडूनच करून घ्या, कारण देशागणिक कायदा बदलतो.

तिसरा प्रश्न जाहीर बोलण्याचा. युरोपात अर्जाआधी शोध कुठेही जाहीर झाला की पेटंटचा हक्क जवळपास गेलाच. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनानंतर वर्षभराची सवलत आहे. सल्लागाराने एखाद्या परिषदेत उत्साहाने दाखवलेली एक स्लाइडही पुरते. म्हणून 'आधी अर्ज, मग चर्चा' हा क्रम करारात लिहून ठेवा. आणि सल्लागार दुसऱ्या बॅटरी कंपनीलाही सल्ला देत असेल तर ते उघड सांगण्याचं बंधन घाला. संपूर्ण मनाई मात्र मागू नका. या क्षेत्रात जाणकार मोजकेच आहेत, आणि ज्याला कुणीच विचारत नाही असा सल्लागार घेऊन तुम्ही काय करणार?

मोबदल्याचं बोलायचं तर फाउंडर इन्स्टिट्यूटचा 'फास्ट' नावाचा एक खुला करारमसुदा प्रचलित आहे. त्यात कंपनीचा टप्पा आणि सल्लागाराचा सहभाग यांनुसार साधारण ०.१५ ते १ टक्का हिस्सा सुचवलेला आहे, आणि तो एकदम न देता दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने देण्याची पद्धत आहे. चौकट म्हणून ते ठीक. पण बॅटरीचा प्रवास दोन वर्षांत संपत नाही, त्यामुळे मी हिस्सा थोडा कमी आणि मुदत लांब ठेवण्याच्या बाजूचा आहे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्याला कागदी हिस्स्यात फारसा रस नसतो. त्याला दिवसाचा रोख दर द्या आणि प्रवासखर्च वेळेवर द्या.

पाचवी पायरी: पहिली बैठक आणि कच्चा डेटा

बैठकीच्या आठवडाभर आधी सादरीकरण पाठवू नका. मूळ फाइल पाठवा: प्रत्येक सेलची, मेलेल्या सेलसकट. वीस सेल लावले आणि सहा पहिल्या दहा चक्रांत गेले, तर ती सहांची हकीकतच सल्लागाराला सगळ्यात जास्त शिकवते. गुंतवणूकदारांसाठी केलेली आलेखांची फाइल सल्लागारापुढे ठेवणं म्हणजे वैद्याकडे जाताना तोंडाला पावडर लावून जाणं.

बैठकीत एकच प्रश्न मध्यभागी ठेवा: आमचा दावा खोटा असेल तर तो कोणत्या चाचणीत सगळ्यात लवकर आणि सगळ्यात स्वस्तात उघडा पडेल? मग ती चाचणी पुढच्या पंधरा दिवसांत लावा. उंच तापमानाला नुसतं भरून ठेवणं, कमी इलेक्ट्रोलाइटचे सेल, जाड थर, थंडीत वेगाने चार्जिंग. रसायन कोणतं यावर चाचणी ठरेल. संस्थापकाला ही चाचणी पुढे ढकलण्याची शंभर कारणं सुचतात, म्हणून तिची तारीख बैठकीतच ठरवा आणि ती कोण लावणार त्याचं नाव लिहा.

केवळ चक्रं मोजून समाधान मानू नका हेही चांगला सल्लागार सांगतोच. बॅटरी वापरल्याने झिजते तशी नुसती ठेवल्यानेही झिजते. हजार चक्रं तीन महिन्यांत उरकता येतात, पण दहा वर्षांचं ठेवल्याठेवल्या झिजणं तीन महिन्यांत बसत नाही. तापमान वाढवून अंदाज बांधता येतो, पण जास्त तापमानाला वेगळ्याच अभिक्रिया सुरू होतात, आणि कुठपर्यंतचा अंदाज प्रामाणिक याचं तारतम्य अनुभवानेच येतं.

सहावी पायरी: मतभेद लिहून ठेवा

दोन तज्ज्ञांची मतं जुळली नाहीत तर संस्थापक बहुधा आपल्याला सोयीचं मत उचलतो. त्याऐवजी दोघांना एकत्र बसवा आणि विचारा: कोणता निकाल दिसला तर तुम्ही मत बदलाल? उत्तर मिळालं की चाचणी ठरली. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाची अर्ध्या पानाची नोंद ठेवा: काय ठरलं, कुणी काय म्हटलं, कशाच्या आधारावर, आणि पुन्हा केव्हा बघायचं. आठ महिन्यांनी उत्तर येईल तेव्हा कुणाचा अंदाज खरा निघतो हे या नोंदीतूनच कळतं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, असं होऊन बसतं.

महिन्यातून एकदा एकेकाशी तासभर, तिमाहीत एकदा सगळे मिळून अर्धा दिवस, आणि अडल्यावर फोन, इतकं बस. दर आठवड्याला सल्लागार लागत असेल तर तुम्हाला सल्लागार नको, नोकरीवर माणूस हवा.

सातवी पायरी: सुरक्षिततेच्या सल्लागाराला 'थांबा' म्हणायचा अधिकार द्या

कॅनडातली मोली एनर्जी ही कंपनी १९८० च्या दशकात लिथियम धातूच्या पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या बाजारात आणणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी. १९८९ मध्ये जपानमध्ये तिच्या बॅटऱ्या असलेल्या फोनांना आगी लागल्या, माल परत मागवावा लागला आणि कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेली. आज लिथियम धातूवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत पाठ करावी. उलट बाजूला अकिरा योशिनो आहेत. त्यांनी १९८६ मध्ये आपल्या बॅटरीवर लोखंडाचं वजन टाकून ती पेटत नाही हे पाहिलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांच्यासोबत मिळालेले हे संशोधक लिथियम-आयन बॅटरीचा खरा जन्म त्या चाचणीत मानतात.

हा सल्लागार तीन ठिकाणी लागतो. एक, तुमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत: चाचणीतले सेल कुठे ठेवायचे, वायू कुठे जाणार, रात्री कुणी नसताना काय होणार. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट पाण्याशी भिडलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. आग विझली म्हणजे धोका टळला असं नसतं. दोन, नमुने पाठवताना: विमानाने, जहाजाने किंवा रस्त्याने लिथियम बॅटरी पाठवायची तर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन ३८.३ या चाचण्या लागतात. त्यांत कमी दाब, तापमानाचे फेरे, कंपन, धक्का, बाहेरचा शॉर्ट, आघात किंवा चिरडणं, अतिचार्ज आणि सक्तीचा डिस्चार्ज येतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून बंदी आहे आणि मालवाहू विमानात त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्या लागतात. प्रायोगिक नमुन्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्या समजून घ्यायला जाणकारच हवा. ग्राहकाला दिलेली तारीख या एका गोष्टीपायी चुकलेली संस्थापकांची रांग लांब आहे.

तीन, उत्पादनाचं प्रमाणपत्र. हातातल्या उपकरणांसाठी आयईसी ६२१३३, औद्योगिक वापरासाठी आयईसी ६२६१९, वाहनांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा आर१०० नियम, साठवण प्रकल्पांत आग एका सेलमधून दुसऱ्यात कशी पसरते हे पाहण्यासाठी यूएल ९५४०ए. प्रमाण कोणतं लागणार हे सेलचा आकार ठरवण्याआधी विचारा. नंतर व्हेंटची (सेलमधला वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) जागा बदलायची म्हणजे सगळे साचे बदलायचे.

आणि अधिकार कागदावर द्या. सुरक्षिततेच्या सल्लागाराने नमुने जाऊ नयेत असं लेखी म्हटलं, तर ते संचालक मंडळाच्या नोंदीशिवाय जाणार नाहीत, असं एक कलम पुरे.

आठवी पायरी: यंत्रं मागवण्याआधी आणि गुंतवणूकदार येण्याआधी

यंत्रांच्या मागणीपत्रावर सही करण्याआधी कारखान्यातल्या सल्लागाराला दोन दिवस बोलवा आणि एकेका यंत्रावर बोट ठेवून विचारा: हे भाड्याने किंवा दुसऱ्याच्या रेषेवर करून घेता येईल का? उणे ४० अंश दवबिंदूची ड्राय रूम (हवेत जवळपास ओलावाच नसलेली खोली) उभारण्यापेक्षा चालवणं महाग असतं, कारण ती हवा अहोरात्र कोरडी ठेवावी लागते आणि आत गेलेला प्रत्येक माणूस श्वासातून ओलावा सोडत असतो. तुमचं रसायन थोडी आर्द्रता सोसू शकतं का, हा प्रश्न प्रयोगशाळेत आठवड्याभरात सुटतो आणि इमारतीचा खर्च ठरवतो.

गुंतवणूकदार आपले तज्ज्ञ घेऊन तांत्रिक तपासणीला येतील तेव्हा तुमच्या सल्लागाराला वकिली करायला पुढे बसवू नका. त्याचा हिस्सा आहे हे समोरच्याला माहीत असतं. त्यापेक्षा काही महिने आधी तुमचे सेल एका स्वतंत्र प्रयोगशाळेत मोजायला द्या. कोणते सेल द्यायचे ते सल्लागाराला ढिगातून हवे तसे उचलू द्या, तुम्ही निवडू नका. निकाल तुमच्या आकड्यापेक्षा थोडा कमी येईल. तो कमी आकडाच सादरीकरणात घाला.

नववी पायरी: निरोप

टप्पे बदलतात तशी माणसंही बदलावी लागतात. रसायन गोठवल्यावर रसायनशास्त्रज्ञाचा वेळ कमी होतो, कारखान्यातल्या माणसाचा वाढतो. दरवर्षी एकदा प्रत्येक सल्लागाराबाबत निर्णयांच्या नोंदी चाळा: त्याच्यामुळे आपण काय वेगळं केलं? दोन तिमाहींत उत्तर 'काहीच नाही' असेल तर करार वाढवू नका. फोन करून सरळ सांगा. दोघांनाही बरं वाटतं. जाताना त्यांच्याकडचे नमुने आणि फाइली परत घ्या, गोपनीयतेचं कलम किती वर्षं लागू राहील ते पत्रात लिहा, आतापर्यंत मिळालेला हिस्सा किती ते दोघांच्या सहीने नोंदवा, आणि वेबसाइटवरचा फोटो त्याच आठवड्यात काढा.